पहाटे खेकडे कुटण्याचा आवाज

ग्दिनिया, पोलंड
१२ ऑक्टोबर १९९७

प्रिय थोआ,

ताईच्या खुब्याचं हाड जुळलं, पण ती आता एकटी राहू शकणार नाही, असं डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं. म्हणजे मी हायफाँगला परत येत नाही. जूनमध्ये दोन महिन्यांची रजा म्हणून निघाले, खोलीला कुलूप लावलं, किल्ली तुझ्या आईच्या हातात ठेवली आणि ऑगस्टअखेर येते म्हणाले. सहा वर्षं तुमच्या माडीवर राहिले आणि ती जागा अशी पत्रातून सोडते आहे.

शाळेला वेगळं कळवलं आहे. जहाजांचे नकाशे शिकवणारी दुसरी कोणी त्यांना मिळेल. सामानाचं तू बघ. पंखा आईंना, ड्रॉइंग बोर्ड शाळेला, पुस्तकं तुला. माझं दुभाष्याचं काम संपलं म्हणून तुझी पोलिश गंजायला नको. रेनकोट खोआत काकांना दे. त्यांचा खांद्यावर फाटला आहे आणि गिऱ्हाईक भिजू नये म्हणून ते स्वतः भिजत बसतात.

इथे सकाळ झालेली कळतच नाही. रस्त्यावर कोणी कोणाशी बोलत नाही. काल आमच्या नाक्यावरच्या न्हाव्याकडे गेले. पंचवीस मिनिटं बसले, तो तीन शब्द बोलला. मला खोआत काका आठवले. भिंतीवर खिळा, खिळ्याला आरसा, आरशाखाली खुर्ची, की झालं त्यांचं दुकान. मी भाजी घेऊन चालले की हाक मारायचे, "बाई, कान दाखवा एकदा. सहा वर्षांत आमची भाषा निम्मीच आत गेलीय, उरलेली मळात अडकली असणार."

आणि हेन मावशी. माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, फुटपाथवर, तिची रश्श्याची शेगडी आणि दगडी खल. वॉर्डाच्या सूचनांचा पाचचा भोंगाही वाजलेला नसायचा तेव्हा ती खेकडे कुटायला बसायची. त्या आवाजाला मी किती नावं ठेवली ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. आता गंमत बघ, तो आवाज नाही म्हणून मी पहाटे चारला जागी होते आणि वाट बघत पडून राहते.

एक काम करशील? शाळेतला टेपरेकॉर्डर एका सकाळी मागून आण आणि खिडकीत ठेव. अर्धा तास चालू दे. खल, काका, सायकलींच्या घंट्या, जे येईल ते. कॅसेट पाठव.

तुझी,
हालिना

•

हायफाँग
२० नोव्हेंबर १९९७

आदरणीय हालिनाबाई,

आपलं पत्र मिळालं. ताईंच्या तब्येतीचं वाचून आईबाबांना वाईट वाटलं. आपण येणार नाही हे ऐकून आईने आपला पंखा पुसून ठेवला. मग म्हणाली, "पंखा नको, तो बाईंचाच राहू दे." पण मी लावून दिला आहे.

बोर्ड शाळेत पोचवला. रेनकोट खोआत काकांना दिला. त्यांनी घालून बघितला, गुडघ्याच्या खाली येतो. काका बरे आहेत. मागच्या आठवड्यात बाबांची दाढी करायला घरी आले होते.

गल्लीत सगळं ठीक आहे. फुटपाथ आता स्वच्छ असतो. गुलमोहरांच्या बुंध्यांना चुना लावला आहे.

टेपरेकॉर्डर शाळेत एकच आहे आणि तो वर्गात लागतो. मागून बघते. आपण थंडीत जपून राहावं.

आपली,
थोआ

•

ग्दिनिया
८ जानेवारी १९९८

प्रिय थोआ,

काका बाबांची दाढी करायला घरी का आले? बाबांची तब्येत बिघडली आहे का? जिना उतरवत नाही का त्यांना? तू लपवू नकोस. माझ्याकडेही आजारी माणूस आहे, मला समजतं.

दुसरं म्हणजे, तू सगळ्यांचं लिहिलंस आणि हेन मावशीचं एक अक्षर लिहिलं नाहीस. ती रागावली आहे का माझ्यावर? मी निघाले तेव्हा ती बाजारात गेली होती, तिला सांगून निघता आलं नाही. तिला सांग, इथे मी खेकड्याचा रस्सा करून बघितला. डब्यातले खेकडे आणून. ताई म्हणाली, हे औषध आहे का.

मला तिचं बोलणं आठवतं. मी पहिल्यांदा तिच्याकडे त्या बुटक्या स्टुलावर बसले आणि उठता येईना, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "राहू द्या बसलेल्या, संध्याकाळी टोपलीत घालून नेऊ." आणि तुझ्याशी तिची रोजची चेष्टा. तू सायकल घेऊन निघालीस की विचारायची, "थोआ, जहाज लागलं का गं धक्क्याला?" मला ती जहाजाची गोष्ट कधी नीट कळली नाही, पण सगळे हसायचे तेव्हा मीही हसायचे. इतकी वर्षं रोज तोच विनोद, आणि रोज तितकाच चालायचा. असं माणूस इथे मला एक दाखव.

सोबत एक लोकरी शाल पाठवते. तुमच्या नव्या वर्षाच्या सणापर्यंत पोचेल. मावशीला दे. राखाडी रंग आहे, राखेचे डाग दिसणार नाहीत.

कॅसेटचं विसरू नकोस.

हालिना

•

हायफाँग
१५ मार्च १९९८

आदरणीय हालिनाबाई,

बाबा ठणठणीत आहेत. आपण काळजी करू नये.

शाल मिळाली. हेन मावशीला आवडली. तिने आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

कॅसेट सोबत आहे. एकाच बाजूला आवाज आहे. हवा फार दमट आहे, जमिनीला पाणी सुटलंय, त्यामुळे टेप मधूनमधून अडकते. खलाचा आवाज मात्र नीट आला आहे.

आपली,
थोआ

•

ग्दिनिया
१४ जून १९९८

थोआ,

कॅसेट एप्रिलमध्ये मिळाली. महिनाभर मी ती रोज ऐकली. ताईला ऐकवली, शेजारणीला ऐकवली. शेजारीण विचारायची, कोण सुतार आहे का? मी सांगायची, नाही, माझी हेन मावशी.

मागच्या रविवारी क्वेन जेवायला आला होता. आठवतो का? माझ्या दुसऱ्या बॅचचा, उंच, तुमच्या मागच्या गल्लीत राहायचा. इथल्या गोदीत सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी आला आहे. मी मोठ्या हौसेने त्याला म्हटलं, डोळे मीट, तुला घरी नेते. आणि कॅसेट लावली.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे कुठलं आहे?"

मी म्हटलं, "कुठलं म्हणजे? आपल्या गल्लीचं. हेन मावशीचं."

पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर त्याने सांगितलं की त्या फुटपाथवर मागच्या जुलैपासून कोणीच बसत नाही. मावशी नाही, काका नाहीत, चहावाली म्हातारी नाही. वॉर्डाने ट्रक आणून सगळं उचललं. का, असं विचारलं तर ताटाकडे बघत म्हणाला, "लोक म्हणतात, विदेशी बाईंनी तक्रार केली होती. त्या जागेला आता नावच पडलंय, बाईंचा फुटपाथ."

जेवण तसंच राहिलं. त्याला वाटलं मला कधीचं माहीत असेल.

मी पुन्हा कॅसेट ऐकली, या वेळी कान देऊन. मावशी कुटता कुटता बोलते, कोणाला तरी हाक मारते, खोकते. यात कोणी बोलत नाही. कुटणारं माणूस दर आठ-दहा ठोक्यांनी थांबतं, दमतं. मावशी कधी दमत नव्हती.

मला सगळं लिही. माझ्या परवान्यासाठी वॉर्डाचे साहेब घरी आले होते त्या दिवशी मी काय म्हणाले होते ते मला आठवतं. तू काय सांगितलंस ते लिही. आणि कॅसेटवर कोण कुटतं आहे?

हालिना

•

हायफाँग
१९ जुलै १९९८

आदरणीय हालिनाबाई,

कॅसेटवर मी आहे. अर्धा किलो खेकडे आणले आणि मागच्या अंगणात कुटले. आईने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, खावंसं वाटलं. मग तिने त्याचा रस्सा केला आणि सगळ्यांबरोबर मलाही बसून खावा लागला.

शाल माझ्या कपाटात आहे. मावशीने नमस्कार सांगितलेला नाही. मावशीशी मी वर्षभर बोललेली नाही.

आता तो दिवस. आपल्या राहण्याच्या परवान्याचं वर्ष भरत आलं होतं म्हणून वॉर्डाचे साहेब आले होते. जून महिना, आपण निघायच्या आठ दिवस आधी. आई चहा देत होती. साहेबांनी विचारलं, बाईंना काही अडचण? आपण पोलिशमध्ये म्हणालात, "सकाळी खेकडे कुटतात त्याने झोप मोडते, तीन दिवस डोळ्याला डोळा नाही." आपण हसतच म्हणाला होतात.

मी साहेबांना सांगितलं, "बाई म्हणतात, इथे राहणं अशक्य झालंय. आवाज, घाण, वास. त्यांच्या देशात हे कोणी चालवून घेतलं नसतं. असंच राहिलं तर त्या घर सोडतील आणि का सोडलं ते वर लेखी कळवतील."

हे सगळं माझं. आपलं त्यात एकच वाक्य होतं.

साहेबांनी वही काढली. म्हणाले, "मग हटवायचं का यांना? बाईंची तशी इच्छा आहे का, विचारा." मी आपल्याकडे वळून म्हटलं, "साहेब विचारतात, मावशीला समजावून सांगू का?" आपण मान हलवलीत. साहेबांनी लिहून घेतलं.

का केलं ते सांगते. आपण ज्या विनोदाला हसायचात तो माझ्यावर होता. माझं लग्न ठरलं होतं, जहाजावरच्या एका अधिकाऱ्याशी, आपण आमच्याकडे राहायला आलात त्याच्या आधी. तो दक्षिणेला गेला आणि येतो येतो म्हणत राहिला. मी थांबले. चौतीस वर्षांची झाले. मावशीला हे सगळं ठाऊक होतं. तिला गल्लीतलं सगळंच ठाऊक असायचं. साहेब आले त्याच दिवशी सकाळी मला पत्र मिळालं होतं की त्याने तिकडे लग्न केलंय, वर्ष झालं. पत्र पर्समध्ये ठेवून मी सायकल काढली, आणि मावशी पळी हातात धरून म्हणाली, "काय गं थोआ, जहाज लागलं का धक्क्याला? की परस्पर दुसऱ्या बंदरात नांगर टाकला?" पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. तिला पत्राचं माहीत असणं शक्य नव्हतं. पण मला वाटलं, माहीत आहे.

दुपारी साहेब आले. आपलं तोंड माझ्या हाताशी होतं. मी ते वापरलं.

ट्रक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला. सकाळी सात वाजता, गिऱ्हाईक बसलेलं असताना. मी आपल्या खोलीत होते, हवा लागावी म्हणून खिडक्या उघडायला गेले होते. त्यांनी आधी स्टुलं टाकली, मग काकांची खुर्ची. मावशीने रश्श्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. म्हणत होती, "एवढा रस्सा संपू द्या, लोक अर्ध्या जेवणावर आहेत." ओढाओढीत पातेलं कलंडलं. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. काकांनी दाढीच्या भांड्यातलं पाणी तिच्या हातावर ओतलं. तिने मान वर करून आपल्या खिडकीकडे बघितलं.

मी बाजूला झाले. खाली गेले नाही. आई गेली, मी नाही.

मावशी आता नदीवर, बोटीच्या धक्क्याजवळ बसते. दुकान नाही, कावड आहे. सून बरोबर असते. काका घरोघर जाऊन दाढ्या करतात, पेटी हातात धरून. चहावाली म्हातारी मुलाकडे गावी गेली.

गल्लीत सगळे आपल्यालाच बोलतात. मी ऐकते. एकदाही म्हटलं नाही की बाई तसं बोलल्या नव्हत्या. आपण आता येणार नाही हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हेही लिहिते, कारण आपण सगळं लिही म्हणालात.

या पत्राला उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन.

थोआ

•

ग्दिनिया
६ सप्टेंबर १९९८

थोआ,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी तुझ्यावर चिडून काढले. फार बरं वाटत होतं. ताईला सांगितलं, बघ, माझ्या नावावर काय खपवलं त्या मुलीने. ताई म्हणाली, बिचारी तू. मी पण म्हटलं, बिचारी मी.

तिसऱ्या दिवशी ते टिकेना.

साहेबांनी 'हटवायचं का' असं विचारलं, तो शब्द मला कळला होता, थोआ. सहा वर्षं मी तुमच्या रस्त्यावर राहिले. तो शब्द भोंग्यावर आठवड्यातून दोनदा ऐकायची. सायकली हटवा, पाट्या हटवा, शेगड्या हटवा. तू पोलिशमध्ये 'समजावून सांगू का' म्हणालीस तेव्हा मला कळलं की साहेब तसं म्हणालेले नाहीत. तू बदलून का सांगते आहेस हे कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. उन्हाळा होता, तीन रात्री झोप नव्हती. मनात आलं, हटवू देत की जरा, मला काय. तुझं सौम्य वाक्य समोर होतं, मी त्याच्या आडोशाला उभी राहिले आणि मान हलवली.

'घाण' हा शब्दही कळला होता. तो मी बोलले नव्हते. पण मी तो खोडूनही काढला नाही.

आणखी एक. पाचला भोंगा वाजायचा तो मावशीच्या खलापेक्षा दहापट मोठा होता. माझ्या खिडकीसमोरच्या खांबावरच होता. त्याबद्दल मी साहेबांना कधी बोलले नाही. धीर नव्हता. खल कुटणाऱ्या बाईबद्दल बोलायला धीर लागत नाही.

आणि परत आल्यावर मी इथे काय केलं? लोकांना जमवून तुमच्या गल्लीच्या गोष्टी सांगितल्या. मावशी कशी, काका कसे, तिथली माणसं कशी मायाळू. लोक म्हणायचे, हालिना, तू त्यांच्यातलीच झाली होतीस. मी नाही म्हणायची नाही. तो ट्रक येऊन गेल्यावरही वर्षभर मी हेच सांगत होते. क्वेन परवा भेटला तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

सोबत मावशीसाठी पत्र आहे. तुमच्या भाषेत, माझ्या हाताने. चुका पुष्कळ आहेत, दुरुस्त करू नकोस. तिला वाचता येत नाही, म्हणून तुला वाचून दाखवावं लागेल. त्यात फक्त माझं आहे. तुझं मी लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तुला सांगणार नाही आणि नंतर विचारणारही नाही.

शाल कपाटातून काढ आणि तिला दे. तिने फेकली तर फेकू दे.

हालिना

•

हायफाँग
६ डिसेंबर १९९८

आदरणीय हालिनाबाई,

आपलं पत्र सप्टेंबरअखेर मिळालं. दोन महिने मी ते पर्समध्ये घेऊन फिरले. धक्क्यापर्यंत तीनदा गेले आणि बोटीत बसून पलीकडे जाऊन परत आले, म्हणजे तिकडेच काम होतं असं दिसावं. आज रविवार. आज वाचलं.

मावशीने मला बघितलं तेव्हा म्हणाली, "वाट चुकलीस?" मी म्हटलं, बाईंचं पत्र आणि शाल आहे, तुम्हाला. तिने सुनेकडे पळी दिली, कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हे अक्षर आहे की मुंग्या चालल्यात? वाच."

मी म्हटलं, गिऱ्हाईक गेल्यावर वाचते. ती म्हणाली, "गिऱ्हाईक गेलं तर मी खाऊ काय? आत्ताच वाच."

चार हमाल होते, एक मासळीवाली, आणि कोपऱ्यात एक म्हातारा. मी वाचलं. आपण लिहिलंय तसंच, चुकांसकट. 'मी साहेबांना बोलले, तुम्हाला बोलायला हवं होतं' इथे हमालांनी खाणं थांबवलं. 'हटवणे शब्द मला समजला, मी मान हलवली' हे वाचलं तेव्हा मावशी भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

पत्र संपलं. ती म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, बाईंचं झालं, माझं आहे. आणि मी सांगितलं. साहेबांना काय म्हणाले, का म्हणाले, खिडकीत उभी होते, सगळं. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा सांग. तो म्हातारा बहिरा आहे, त्याला ऐकू गेलं नसेल."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने. मासळीवाली म्हणाली, "अगं, पुरे आता, पोर मरेल." मावशी म्हणाली, "मरत नाही कोणी. मी मेले का?"

मग तिने मला स्टूल दिलं आणि म्हणाली, "बस. मी सांगते ते लिही. आणि या वेळी मी बोलते तेवढंच." पुढचं सगळं तिचं आहे.

"बाई, हात बरा आहे. दोन बोटं मिटत नाहीत. सून कुटते, मी रस्सा बघते. सुनेच्या हाताला चव नाही, पण इथलं गिऱ्हाईक बोटीच्या घाईत असतं, त्याला कळत नाही.

"तुम्ही सहा वर्षं माझ्या हातचं खाल्लंत. तिखट कमी, पालेभाजी जास्त, मी न विचारता द्यायची. आणि झोप येत नाही हे साहेबाला सांगितलंत, मला नाही. मला म्हणाला असतात, 'हेन, जरा पलीकडे बसून कुट,' तर मी दुसऱ्या गुलमोहराखाली जाऊन बसले असते. वीस पावलं आहे. तुम्हाला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि गेले असते.

"त्या दिवशी मी वर बघितलं. तुम्ही गावी गेलात हे मला माहीत होतं, तरी बघितलं. तुमची खिडकी उघडी दिसली. मला वाटलं, तुम्ही आलात. आता कळलं कोण होतं.

"तुमची मी थट्टा करायची कारण मला वाटायचं तुम्ही आमच्यातल्या. परक्या माणसाची कोणी थट्टा करतं का? परक्याला आम्ही 'या, बसा' म्हणतो. तुम्ही पुन्हा आलात तर मी 'या, बसा' म्हणेन.

"शाल मिळाली. गरम आहे. धक्क्यावर वारा असतो, म्हणून ठेवून घेतली. शाल ठेवली म्हणजे मिटलं असं धरू नका.

"थोआ विचारतेय, माफ केलं असं लिहू का. लिहू नको. मी तसं म्हटलेलं नाही.

"ही इथे बसून रडतेय. मला तिची दया येत नाही. दात यायच्या आधीपासून हिला ओळखते, हिचा पहिला भात माझ्या हातचा आहे. जहाजावरून मी तिला बोलायची ते बोलायला नको होतं, ते माझं चुकलं, ते मी तिला आत्ता तोंडावर सांगितलं. पण माझं बोलणं एका तागडीत आणि माझा हात दुसऱ्या तागडीत टाकून ती घरी जाणार असेल तर जाऊ नये. सारखं होत नाही ते."

इथे ती थांबली आणि म्हणाली, "संपलं. ऊठ आता, स्टूल लागतंय."

हालिनाबाई, हा शेवटचा परिच्छेद, ती माझ्याबद्दल बोलली तो, मी आधी लिहिला नव्हता. तो सोडून पत्र पुरं केलं, पाकीट बंद केलं आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. तिथून परत आले, पाकीट फोडलं आणि लिहिला.

थोआ